कापसावर उमटलेला कापूस

16×20 इंचांच्या पुढचा, भिंतीसाठी केलेला आणि दोन-चार पावलांवरून पाहायचा प्रिंट हा छायाचित्रणाच्या व्यवहारात मोठा प्रिंट समजला जातो. तो कृष्णधवल असेल तर त्याला रंगांची मदत नसते. लाल लुगडे, हिरवे पीक, निळे आभाळ हे सगळे शेवटी करड्या रंगाच्या छटाच होतात, आणि त्या छटा एकमेकींपासून सुट्या दिसल्या नाहीत तर चित्र सपाट पडते. लहान फोटोत हे खपून जाते. पोस्टकार्डाएवढा फोटो हातात धरला की डोळा विषय ओळखतो आणि पुढे जातो. 30×40 इंचांच्या प्रिंटसमोर मात्र तो रेंगाळतो, कोपऱ्यांत जातो, सावलीत शिरतो, आणि तिथे काही सापडले नाही तर त्याचा चित्रावरचा विश्वास उडतो. म्हणून मोठ्या प्रिंटची तयारी शेताच्या धुऱ्यावर, बटण दाबण्याआधीच सुरू होते.

यवतमाळ जिल्ह्यात या तयारीचा कस लागतो. बेसॉल्टच्या झिजेतून झालेली इथली माती काळीभोर, आणि तिच्यावरचे मुख्य पीक कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात, वेचणी सुरू होते आणि फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा बहर, ठेवली तर ती थंडी संपेपर्यंत चालते. सकाळी अकराचे ऊन, काळे वावर, पांढरी बोंडे आणि वेचणाऱ्या बाईचा पदराखाली सावलीत गेलेला चेहरा: एवढ्या एका चौकटीत उजेडाचा जो पल्ला असतो तो कोणत्याही कागदाला झेपत नाही. उघड्या उन्हातल्या दृश्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांत हजारपटीहून अधिक फरक असू शकतो. मॅट कागदावर हा फरक पन्नासपटीच्या आत येतो. चांगल्या चकचकीत कागदावर दोनशेपटीच्या आसपास जातो. हजाराचे पन्नास करताना काय राखायचे आणि काय सोडायचे, हाच कृष्णधवल प्रिंटचा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. शुद्ध काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंतचे टप्पे पाडायचे, आणि समोरची प्रत्येक वस्तू कोणत्या टप्प्यावर बसवायची हे कॅमेरा उचलण्याआधी ठरवायचे, असा तिचा गाभा. फुटलेले बोंड कागदाच्या कोऱ्या पांढऱ्याच्या एक-दोन टप्पे अलीकडे हवे, म्हणजे त्यातला तंतू दिसतो. ओली माती शुद्ध काळ्याच्या दोन टप्पे पलीकडे हवी, म्हणजे ढेकूळ आणि भेग वेगळी कळते.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. नांगरलेले काळे वावर चौकटभर असले की तो त्याला उजळवू पाहतो. माती राखाडी होते आणि बोंडे जळून जातात. जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीसमोर याच्या उलट घडते: गंजी मळकट उतरते. पहिल्या ठिकाणी एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी करावे लागते, दुसऱ्या ठिकाणी तेवढेच वाढवावे लागते. फिल्मच्या काळात सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवत, कारण निगेटिव्हवर सावलीत काही नोंदले गेले नाही तर ते पुढे कुठूनच आणता येत नसे. डिजिटल सेन्सरचा स्वभाव उलटा आहे. त्याच्या सावल्यांतून पुष्कळ काही वर काढता येते, पण उजळ भाग एकदा भरून वाहिला की तिथे कोऱ्या कागदाशिवाय काही उरत नाही. कापसाच्या जिल्ह्यात काम करणाऱ्याने हिस्टोग्रामचा उजवा काठ आधी पाहावा. फाइल ‘रॉ’ स्वरूपातच ठेवावी. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पातळ्या नोंदवता येतात, जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या फक्त 256. मोबाइलच्या पडद्यावर हा भेद जाणवत नाही. मोठ्या प्रिंटमध्ये मात्र ओढाताण केलेल्या जेपीईजीच्या आभाळात पट्टे उमटतात आणि ते कोणत्याही कागदाने झाकले जात नाहीत.

यानंतर रंग काढून टाकण्याचे काम येते, आणि बहुतेक चित्रे बिघडतात ती इथे. सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधले ब्राइस बायर यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे पेटंट 1976 चे आहे. त्यामुळे प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये खरे म्हणजे तीन कृष्णधवल चित्रे, म्हणजे तीन चॅनेल, दडलेली असतात. ‘रंग काढा’ असे बटण दाबले की संगणक त्यांचे ठरावीक मिश्रण करतो. जुन्या दूरचित्रवाणीच्या हिशोबात ते सुमारे 30 टक्के लाल, 59 टक्के हिरवे आणि 11 टक्के निळे असे होते. हे मिश्रण कुणाच्याही चित्रासाठी केलेले नाही. फाल्गुनातल्या पळसाचे उदाहरण घ्यावे. पाने झडलेल्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस. डोळ्याला त्यापेक्षा भडक काही नाही. ठरावीक मिश्रणात ते घोस आणि मागचे सुकलेले गवत जवळजवळ एकाच करड्यात मिसळतात आणि झाड हरवते. लाल चॅनेलचा वाटा वाढवला की फुले उजळून निघतात, आभाळ गडद होते. निळ्याचा वाटा वाढवला की तीच फुले काळी पडतात आणि आभाळ पांढरे होते. एकाच फाइलमधून दोन वेगळे ऋतू वाटावेत इतका फरक पडतो. लाल चॅनेलने आभाळ गडद करण्याचा मोह मात्र आवरता घ्यावा. पडद्यावर ते भव्य दिसते. मोठ्या प्रिंटमध्ये त्या आभाळात दाणे उमटतात आणि क्षितिजावरच्या झाडांभोवती पांढरी कड दिसू लागते.

माणसाच्या चेहऱ्याबाबत ही निवड केवळ तंत्राची राहत नाही. लाल चॅनेलमध्ये त्वचा उजळ आणि गुळगुळीत येते, हिरव्यात सुरकुत्यांचे बारकावे येतात, निळ्यात त्वचा काळवंडते आणि प्रत्येक डाग उठून दिसतो. लग्नाच्या फोटोंत चेहरे उजळ करण्याची सवय इतकी मुरली आहे की उन्हात रापलेला शेतकऱ्याचा चेहराही हात आपोआप उजळ करू लागतो. हे करू नये. रापलेल्या त्वचेवर उन्हाची जी चमक असते ती गडद छटेच्या शेजारीच दिसते. सगळा चेहरा उजळला की चमक जाते आणि चेहरा मातीच्या ठोकळ्यासारखा दिसतो. याच्या विरुद्ध टोकाची चूक यवतमाळच्या वाट्याला अधिक आली आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी कुटुंबासह आयुष्य संपवले, आणि पुढच्या दशकांत हा जिल्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा म्हणून छापला जाऊ लागला. बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांनी इथल्या घरांत बहुधा एकच चित्र शोधले: अंधारी खोली, भिंतीवर हार घातलेली तसबीर, खाली बसलेली बाई. कॉन्ट्रास्ट ताणून, सुरकुत्या खोदून असे चित्र अधिक दुःखी करता येते, आणि तसे केले की त्यातला माणूस जाऊन नुसते दुःख उरते. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल मालिका केली. त्या चित्रांत घाणही आहे आणि अंधारही आहे, तरी माणसाचा चेहरा त्यात बुडत नाही. विदर्भाची माती, ऊन आणि माणसे काळ्या-पांढऱ्यात उतरवू पाहणाऱ्याने ती मालिका आधी नीट पाहावी.

आता आकार. दृष्टी चांगली असलेला डोळा सुमारे एक मिनिट कोनाइतके बारकावे वेगळे करू शकतो. त्यावरून हिशोब केला तर 30 सेंटीमीटरवरून पाहताना एका इंचात 300 च्या आसपास पिक्सेल लागतात. एक मीटरवरून पाहताना 90 च्या आसपास पुरतात. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल 6000×4000 पिक्सेलांची असते. तिचा 20×30 इंचांचा प्रिंट काढला तर इंचाला 200 पिक्सेल मिळतात, 40×60 चा काढला तर 100. म्हणजे एवढी फाइल घराच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोणत्याही भिंतीला पुरते. मोबाइलची 12 मेगापिक्सेलची फाइलही 30×40 इंचांत इंचाला 100 पिक्सेल देते, अट एवढीच की ती मूळ फाइल असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेली फाइल लहान केलेली आणि दाबलेली असते. तीच डॉक्युमेंट म्हणून मागवून घेतली तर मूळ अवस्थेत मिळते. घरातल्या अल्बममधला जुना 4×6 चा फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला तर 2400×3600 पिक्सेल मिळतात आणि 20×30 मध्ये इंचाला 120 पडतात. निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हचा 4000 डीपीआयवरचा स्कॅन 20 मेगापिक्सेलच्या आसपास जातो. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. तिच्या फलाटावर उभे राहून काढलेले कौटुंबिक फोटो ज्या घरांत आहेत, त्यांनी निगेटिव्हच्या पाकिटांचा शोध फोटोच्या आधी घ्यावा.

या हिशोबात न बसणारी एक फाइल जिल्ह्यातल्या प्रत्येक स्टुडिओत येते. घरातले माणूस गेलेले असते, आणि त्याचा सुटा असा फोटोच नसतो. असते ते आधार कार्डावरचे चित्र, बँकेच्या पासबुकावरचा शिक्का बसलेला पासपोर्ट फोटो, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या गर्दीतला, बोटाच्या पेराएवढा चेहरा. दहाव्या-तेराव्याच्या आत त्यातून भिंतीवर लावण्याजोगी तसबीर हवी असते. ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या प्रिंटची सर्वांत खरी गरज हीच आहे. कलादालनांसाठी होणाऱ्या प्रिंटांहून असे प्रिंट कितीतरी अधिक निघतात, आणि त्यांच्याकडे तंत्राच्या अंगाने फार कमी लक्ष दिले गेले आहे. अशा फाइलसाठी कृष्णधवल हा आधार ठरतो. जेपीईजीच्या दाबात रंगाचे तपशील आधी जातात, उजेडाचे बरेचसे टिकतात. म्हणून रंग काढला की ठिगळे आणि निळसर-हिरवट झाक निघून जाते आणि चेहरा एकसंध दिसू लागतो. मग आकार बेताचा ठेवावा. 8×10 किंवा फार तर 12×15 चा चेहरा, भोवती रुंद पांढरे माउंट आणि बाहेर मोठी चौकट, असे केले की भिंतीवर तसबीर मोठी दिसते आणि चेहरा फाटत नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असे फोटो क्षणात ‘स्वच्छ’ करून देतात. झाडाझुडपांसाठी आणि दगडमातीसाठी ती उपयोगी आहेत. अंधुक चेहऱ्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. फाइलमध्ये जे नाही ते ही साधने आपल्या साठ्यातल्या इतर चेहऱ्यांवरून भरतात. डोळ्यांची ठेवण बदलते, दात नीट होतात, कपाळावरचा व्रण पुसला जातो. चेहरा सुबक होतो, पण तो बापाचा राहत नाही. अंधुक, दाणेदार, पण त्याच माणसाचा फोटो केव्हाही श्रेष्ठ.

दाण्यांची भीती बाळगण्याचे कारणही नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात राहिलेल्या कनू गांधी यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1948 पर्यंत महात्मा गांधींची छायाचित्रे काढली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आश्रमाचा पैसा मागायचा नाही. फ्लॅश नाही म्हणजे झोपडीत खिडकीतून येईल तेवढ्या उजेडावर भागवायचे. त्या छायाचित्रांत दाणा आहे, कुठे हललेपण आहे, काही चौकटींत चेहऱ्यापेक्षा पाठ अधिक दिसते, आणि तरी ती मोठी केली की त्यांतला उजेड सेवाग्रामचाच असतो. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात पहाटेच्या अंधुक उजेडात 6400 आयएसओवर टिपलेल्या वाघाच्या फाइलमध्ये डिजिटल दाणे येतात. रंगीत प्रिंटमध्ये ते लाल-हिरव्या ठिपक्यांसारखे खटकतात, कृष्णधवलमध्ये फिल्मच्या ग्रेनजवळ जातात. सॉफ्टवेअरने दाणे पूर्ण घासून टाकले तर वाघाची कातडी प्लॅस्टिकची दिसते. थोडे ठेवावेत. फार मोठ्या प्रिंटमध्ये तर सगळे काम झाल्यावर वरून एकसारखा बारीक ग्रेन मुद्दाम घालतात. त्यामुळे वाढवलेल्या पिक्सेलांच्या कडा मोडतात आणि दुरून पोत जिवंत वाटतो. धार देण्याचे काम मात्र सर्वांत शेवटी, अंतिम आकार ठरल्यावर करायचे असते. मॅट कागद शाई पसरवतो म्हणून त्याला अधिक धार लागते, चकचकीत कागदाला कमी.

मोठा प्रिंट काढून घेण्याचे मार्ग जिल्ह्याच्या ठिकाणी मोजकेच आहेत. लग्नाचे 12×36 चे करिश्मा अल्बम जिथे होतात त्या लॅबमधली यंत्रे लेझरच्या उजेडाने रंगीत फोटोकागदावर चित्र उमटवतात. त्यांची रुंदी बहुधा 12 इंचांवर थांबते, आणि कागद रंगीत असल्यामुळे करडा रंग पिवळ्या, जांभळट आणि निळ्या रंगद्रव्यांच्या समतोलातून तयार करावा लागतो. रसायन थोडे इकडेतिकडे झाले की सगळे चित्र हिरवट किंवा गुलाबीसर होते. रंगीत फोटोत हे लक्षात येत नाही, कृष्णधवलमध्ये लगेच येते. दुसरा मार्ग फ्लेक्सचा. तालुक्याच्या प्रत्येक चौकात दिसणारी सर्वांत मोठी छायाचित्रे आज फ्लेक्सवर आहेत: वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडणूक, गणेशोत्सव, भावपूर्ण श्रद्धांजली. पीव्हीसीचे कापड आणि सॉल्व्हंट शाई रस्त्यापलीकडून वाचण्यासाठी असतात, आणि त्या कामाला योग्यही आहेत. गेलेल्या माणसाचा चेहरा मात्र फ्लेक्सवर छापून घरात लावू नये. तो उन्हात लवकर विटतो आणि कापड सुरकुतते.

तिसरा मार्ग पिग्मेंट शाईच्या मोठ्या इंकजेट प्रिंटरचा. त्यासाठी फाइल नागपूर, पुणे किंवा मुंबईला पाठवावी लागते, आणि टिकाऊ कृष्णधवल प्रिंटसाठी तोच मार्ग धरावा. साध्या प्रिंटरमध्ये काळ्या शाईची एकच बाटली असते. फिकट करडा उमटवायला तो काळे ठिपके विरळ टाकतो किंवा तीन रंग मिसळतो. एप्सनने 2005 मध्ये काळा, फिकट काळा आणि अतिफिकट काळा असा तीन पातळ्यांचा संच आणला आणि कृष्णधवल छपाईसाठी प्रिंटरमध्ये वेगळी सोय ठेवली. तेव्हापासून चेहऱ्याच्या उजळ बाजूवरचे ठिपके डोळ्याला दिसेनासे झाले. अमेरिकेतल्या जॉन कोन यांनी तर केवळ काळ्याच्याच अनेक पातळ्यांच्या कार्बन शाया तयार केल्या. कार्बन म्हणजे मुळात काजळी. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई तीच आणि ती आजही काळी आहे. मॅट कागदासाठी वेगळा काळा आणि चकचकीत कागदासाठी वेगळा काळा लागतो, हे छापखान्यात आधी विचारून घ्यावे. चुकीचा काळा वापरला तर चकचकीत कागदावर शाई पुसली जाते आणि मॅट कागदावर काळे धुरकट येते.

कागदाची गोष्ट यवतमाळकरांनी जवळून समजून घ्यावी अशी आहे. जिनिंगमध्ये कापसाची रुई सुटते आणि सरकी मागे राहते. सरकीच्या अंगावर आखूड तंतूंची लव शिल्लक असते. तिला लिंटर म्हणतात. ती सुताच्या कामाची नसते, पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते, आणि उत्तम कागदाचा लगदा तिच्यापासून होतो. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असते. वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते ते त्यामुळे. कापसाच्या कागदाला ही बाधा जवळजवळ होत नाही. भारतीय चलनी नोटांचा कागदही कापसाचाच. जर्मनीची हानेम्यूले ही गिरणी 1584 पासून कागद करते. तिचा ‘फोटो रॅग’ हा 308 ग्रॅमचा, शंभर टक्के कापसाचा मॅट कागद जगभरचे छायाचित्रकार वापरतात. वेचणीचे चित्र अशा कागदावर उमटते तेव्हा बोंडाचा पांढरा हा शाईचा नसतो. तिथे शाई जवळजवळ पडलेलीच नसते, दिसतो तो कापसाचाच पांढरा. त्या पांढऱ्याची निवड जपून करावी. अतिशुभ्र कागदांत चकाकी आणणारी रसायने असतात, ती कालांतराने निकामी होतात आणि कागद मूळच्या पिवळसर रंगावर येतो. म्हणून सुरुवातीलाच किंचित दुधी, रसायनविरहित कागद घेतलेला बरा. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल नसतो. काळ्या मातीसाठी कुणी बराइटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला चकचकीत कागद निवडेल, आणि त्यात चूक नाही. तरी समोर दार किंवा खिडकी असलेल्या घरात मॅटच चांगला, कारण काचेवरच्या आणि कागदावरच्या अशा दोन चमकांत चित्र हरवते. यवतमाळचा कापूस गाठी होऊन जिल्ह्याबाहेर जातो आणि कापसाचा छायाचित्रकागद परदेशातून भारी किमतीत येतो. पुण्यात के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने 1940 मध्ये सुरू केलेली हातकागद संस्था चिंध्यांपासून कागद करते. कापसाच्या जिल्ह्यात असा एखादा उद्योग उभा राहणे तंत्राच्या दृष्टीने मुळीच अशक्य नाही.

हातकागदावर इंकजेटची शाई मात्र पसरते, कारण त्याला शाई धरून ठेवणारा थर नसतो. त्याचा उपयोग एका जुन्या पद्धतीत होतो, आणि यवतमाळच्या उन्हाला ती चांगली मानवते. डिजिटल फाइल उलटी करून, म्हणजे काळ्याचे पांढरे करून, पारदर्शक फिल्मवर प्रिंटच्याच मापात छापायची. ही झाली डिजिटल निगेटिव्ह. लोहाचे दोन क्षार मिसळून कागदावर लावायचे, अंधारात वाळवायचे, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून काही मिनिटे उन्हात धरायचे आणि पाण्यात धुवायचे. जॉन हर्शल यांनी 1842 मध्ये शोधलेला हा सायनोटाइप. प्रिंट निळा येतो. कडक चहाच्या पाण्यात बुडवला की तो काळपट होतो. 24×36 इंचांचा प्रिंटही असा घराच्या गच्चीवर होऊ शकतो. शाळांनी हा प्रयोग जरूर करावा.

मुख्य प्रिंट हाती घेण्याआधी चाचणीची पट्टी काढणे अत्यावश्यक आहे. चित्रातला सर्वांत उजळ, सर्वांत गडद आणि चेहऱ्याचा असे तीन तुकडे त्याच कागदावर, अंतिम मापात छापून पाहावेत. पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, कागद खोलीच्या उजेडावर जगतो. म्हणून पडद्यावर ठीक वाटलेले चित्र कागदावर अंधारलेले येते. पट्टी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता ती ज्या भिंतीवर लागणार तिथे, दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा पाहावी. इंकजेटला उन्हाळा सोसत नाही. पारा 45 अंशांकडे सरकला आणि हवा कोरडी झाली की प्रिंटरच्या बारीक छिद्रांत शाई वाळते, आणि आभाळात आडव्या रेघा येतात. ज्यांनी स्वतःचा प्रिंटर घेतला आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये रोज नोझलची चाचणी काढावी. तयार कागदाचा रोल कूलरच्या झोतात ठेवू नये.

प्रिंट लावायचा कुठे, याचाही विचार प्रिंटइतकाच व्हायला हवा. ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरची पी. साईनाथ यांची कृष्णधवल छायाचित्रे 1993 ते 2002 या काळातली. त्यांचे प्रदर्शन बसस्थानके, कारखान्यांची दारे, शेतमजुरांचे मेळावे अशा ठिकाणी मांडले गेले, आणि ज्यांच्या कामाची ती चित्रे होती त्या बायांनी ती पाहिली. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड इथल्या बसस्थानकांच्या भिंतींवर जिल्ह्यातल्या कामाची आणि माणसांची अशी चित्रे लागायला हवीत. तिथे काच नको, कारण ती फुटते; टणक बोर्डावर बसवलेला, वरून मॅट थर दिलेला प्रिंट पुरे. घरच्या तसबिरीला मात्र काच हवी आणि काच व कागद यांच्यामध्ये माउंटचे अंतर हवे. पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही. प्रिंट प्लायवर गोंदाने चिकटवू नये. वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी टांगता ठेवावा, म्हणजे दमट हवेत फुगून तो पुन्हा सरळ होऊ शकतो. बाहेरून पाऊस झेलणारी भिंत टाळावी, वाळवी आणि कसर यांच्यासाठी चौकटीची पाठ कागदी पट्टीने बंद करावी, आणि देव्हाऱ्याच्या दिव्याची काजळी पोचेल इतक्या जवळ ती लावू नये.

चौकट बंद करण्याआधी प्रिंटच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलने गाव, तालुका, तारीख, कागद आणि शाई लिहावी, आणि चित्रातल्या माणसाची हरकत नसेल तर त्याचे नावही. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढे उमटतो. मूळ रॉ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि वेचणीत, बाजारात, कुणाच्या ओसरीवर काढलेल्या चित्राचे दोन प्रिंट काढता येत असतील, तर त्यांतला एक त्या माणसाच्या घरी नेऊन द्यावा.